दहाव्या टाकीपर्यंत

आमच्या फोरमननी नवी छत्री घेतली की पहिले आठ दिवस ते ती अर्धीच उघडत. मद्रासला पाऊस दिवाळीच्या आसपास येतो, आणि येतो तो बादलीने ओतल्यासारखा. अशा पावसात हा गृहस्थ अंबत्तूर स्टेशनपासून आमच्या आगारापर्यंत अर्धी छत्री डोक्यावर धरून, दोन्ही खांदे निथळत, सावकाश चालत येई. मी एकदा न राहवून विचारलं, छत्री बिघडली आहे का? ते म्हणाले, "नवी आहे, सार. एकदम सगळी ताणली तर काड्या जन्मभर कुरकुरतात. मेळ्ळ, मेळ्ळ घ्यावे." मेळ्ळ म्हणजे हळू. हा शब्द मी त्यांच्या तोंडून दिवसातून चाळीस वेळा ऐकत असे, आणि त्यातले निदान तीस वेळा तो मला उद्देशून असे.

नवव्या दिवशी त्यांनी छत्री पूर्ण उघडली. त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं.

चपलांचंही तेच. नवा जोड पहिल्या दिवशी फक्त ओसरीपासून विहिरीपर्यंत. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, तेही ऊन उतरल्यावर. कचेरीत तो जोड दहाव्या दिवशी येई, आणि तोवर फोरमन टाच झिजलेल्या जुन्या चपलांत फटक फटक करत हिंडत. थोरल्या मुलीचं लग्न झालं तेव्हा जावयाला पहिल्या भेटीत नुसती कॉफी दिली, दुसऱ्या भेटीत इडली, आणि पानावर बसवलं ते तिसऱ्या महिन्यात. जावई रुसला. पण फोरमनना पश्चात्ताप नव्हता. "रुसला तर रुसला. आजवर पोरीशी एक शब्द मोठ्याने बोलला नाही. घासून बसला आहे," असं ते अभिमानाने सांगत.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, सांगलीकडून आलेला, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, आणि या तिन्ही गोष्टी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतील याची काळजी घेणारा. सन साठच्या पुढचीमागची वर्षं होती. केंद्र सरकारच्या एका खात्याचं लाकडाचं आगार अंबत्तूरला होतं. तिथे ओंडके यायचे आणि त्यांची खोकी होऊन कारखान्यांना जायची. मी तिथला सहायक इंजिनिअर. म्हणजे कागदावर फोरमनचा साहेब, आणि प्रत्यक्षात त्या आगारातली एकमेव निरुपयोगी वस्तू. माझी उमेदवारी चालू होती. दोन वर्षं नीट गेली आणि मोठ्या साहेबांनी बरा शेरा लिहिला की मी कायम होणार होतो. फोरमनचं उलट होतं. त्यांची चौतीस वर्षं संपत आली होती, आणि त्यांच्या सर्व्हिस बुकात चौतीस वर्षांत एकही वाईट शेरा नव्हता. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि मी तोंड फिरवून हसलो होतो. माणसाने आयुष्यात मिळवायचं ते हे?

फोरमन तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले, आणि जाताना नेलेली मराठी त्यांनी जपून वापरली. आगारात येण्याआधी मी मद्रासच्या मुख्य कचेरीत सहा महिने मुक्याने काढले होते, त्यामुळे मराठी ऐकून मला भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून मी ती सुधारायला घेतली. 'मज ठाऊक' नव्हे, 'मला माहीत आहे' म्हणा. 'तुम्हांस काय होणे' नव्हे, 'तुम्हाला काय पाहिजे' म्हणा. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमची मराठी नवी आहे, सार. आवाज फार करते. थोडी वापरात आली म्हणजे बरी होईल." कामगारांपैकी कोणालाच मराठी येत नव्हती, पण सगळे हसले. बहुधा माझं तोंड बघून.

अशा माणसाच्या हातात ती करवत पडली.

तोवर आमच्याकडे ओंडके दोन माणसं दोन टोकांना उभी राहून मोठ्या करवतीने कापत. एका जाड ओंडक्याला अर्धा दिवस जाई. मग मोठ्या साहेबांनी पुष्कळ पत्रव्यवहार करून परदेशातून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत मागवली. अख्ख्या दक्षिण विभागात ती एकच होती. आगारातले लोक तिला मिशिन-रंपम म्हणत. रंपम म्हणजे करवत. तिचं इंजिन तांब्याएवढं, पण सुरू झालं की कोंबड्या कुंपणावरून पलीकडे जात.

सुरू झालं की, असं मी लिहिलं खरं, पण पहिले दोन दिवस फोरमननी ती सुरूच केली नाही. खोक्यातून काढून आपल्या खोलीत पाटावर ठेवली. "लांबून आली आहे. पाणी बदलले. बसू दे." साखळी काढून तेलात बुडवून ठेवली, रात्रभर. मला हसू आवरेना, म्हणून मी सोबतची इंग्रजी पुस्तिका उघडली, आणि तिच्यात नेमकं तेच लिहिलेलं निघालं: नवी साखळी वापरण्याआधी तेलात भिजवावी. ते पान मी उलटून टाकलं. मग त्यांनीच सांगितलं म्हणून रोज दुपारी मी त्यांना पुस्तिका वाचून दाखवू लागलो. ते डोळे मिटून, मांडी घालून ऐकत. नवं इंजिन पेट्रोलच्या पहिल्या तीन टाक्या अर्ध्या खटक्यावर, म्हणजे वेगाचा खटका अर्धाच दाबून चालवावं, असं तिच्यात होतं. फोरमननी डोळे उघडले आणि म्हणाले, "दहा." मी म्हटलं, पुस्तिकेत तीन आहेत. ते म्हणाले, "ते थंड देशात बसून लिहिले. हे मद्रास."

झालं. दहा टाक्या ठरल्या. दिवसाला एक टाकी, ती संपायला पाऊण तास, आणि फोरमन ती अडीच तासांत संपवत. पातळ ओंडके. खटका अर्धाच. जरा वेळ चालवायची, मग बंद करून इंजिनवर तळहात धरून बसायचं, हात सुखाने टेकवता येईपर्यंत. "रिकामी पळवू नये, ओझ्याने मारू नये," हे एक. "तापलेली असता ताणू नये," हे दुसरं. म्हणजे साखळी. गरम साखळी सैल दिसते, म्हणून अडाणी माणूस ती घट्ट करतो, आणि निवल्यावर ती आखडून, ज्या पट्टीवरून फिरते त्या पट्टीला चावते. सागाची एक काठी त्यांनी तासून घेतली होती. तिचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ते ऐकत बसायचे. काय ऐकू येतं, मी विचारलं. "घासतात. अजून एकमेकांची ओळख नाही. दहाव्या टाकीस बसतील. मग पूर्ण उघडू." पूर्ण खटक्यावर ती कशी वाजते हे त्यांनीही ऐकलेलं नव्हतं. ते त्यांनी दहाव्या टाकीसाठी राखून ठेवलं होतं. प्रत्येक टाकीमागे भिंतीवर खडूची एक रेघ ओढायचे.

आता त्या दोन डब्यांबद्दल सांगायला हवं. या करवतीला दोन तेलं लागतात. एक पेट्रोलात मिसळायचं, ते इंजिनचं. दुसरं वेगळ्या टाकीत घालायचं, ते साखळीवर ठिबकतं. इंजिनचं तेल परदेशी होतं. साखळीला फोरमन तिळाचं तेल घालत, जे ते दर शनिवारी स्वतःच्या डोक्याला घालत. "मज चालते ते साखळीस चालते," हा त्यांचा युक्तिवाद, आणि साखळीला ते खरंच चालत असे. डबे सारखेच, काळपट. मी म्हटलं, नावं लिहून चिकटवू या. ते म्हणाले, "लिहिलेले कोणी वाचत नाही, सार. कपाळ सगळे वाचतात." आणि त्यांनी इंजिनच्या डब्यावर पांढऱ्या रंगाने विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले, आणि साखळीच्या डब्यावर वैष्णवांचं उभं नामम. जे जळतं त्याला शंकराची राख. जे सापासारखं फिरतं त्याला शेषशायीचा टिळा. आगारातल्या शेवटच्या हमालालाही हे सांगावं लागलं नाही. बघताक्षणी त्याच्या डोक्यात शिरलं. मला मात्र सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं नव्हतं. मी त्या वेळी त्यांच्या भाषेतल्या चुका मनातल्या मनात मोजत होतो.

चार रेघा झाल्या होत्या. शनिवार होता. शनिवारी फोरमन अभ्यंगस्नान करून बाराला येत. साडेनऊला मोठ्या साहेबांचा फोन आला: दिल्लीचे दोन पाहुणे अकरा वाजता आगार बघायला येतायत, त्यांना नवी करवत चालवून दाखवा. बारापर्यंत थांबता येईल का, असं विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "जरूर, सर."

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते सांगतो. पाहुण्यांच्या समोर मी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. हातात ती करवत. मोठे साहेब दिल्लीकरांच्या कानाशी लागून माझं नाव सांगताहेत. फोरमन त्या चित्रात कुठेच नव्हते.

टाकी रिकामी होती. पेट्रोलात तेल मिसळून भरायचं, हे मला ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, की कुठल्या डब्यातलं? मी दोन्ही डबे समोर ठेवले आणि इंजिनिअरसारखा विचार केला. इंजिन उभं असतं, म्हणून उभी खूण इंजिनची. साखळी पट्टीभोवती आडवी फिरते, म्हणून आडवी खूण साखळीची. पाच वर्षं कॉलेजात घालवल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. नाममच्या डब्याचं बूच काढलं. तेल पिवळसर, स्वच्छ. वास ओळखीचा आला. ओळखीचा आहे म्हणजे बरोबर असणार, असं मी ठरवलं.

आमचा म्हातारा करवतकरी समोर उभा होता. तो दोनदा पुढे आला आणि स्वतःच्या कपाळावर बोटं आडवी ओढून दाखवू लागला. तो मला खुळा म्हणतोय असं वाटून मी त्याला ओंडका आणायला पिटाळलं, आणि सगळ्यांत जाड कुठला तेही सांगितलं.

पाहुणे आले. मी दोरी ओढली, करवत सुरू झाली, आणि मी खटका पूर्ण दाबला. चार मिनिटं मी फार सुखात होतो. भुशाचं कारंजं उडत होतं, साहेब मान डोलावत होते. मग पांढरा धूर निघू लागला, आणि त्या धुराबरोबर असा वास पसरला, की कोणी शेजारी मोठ्या कढईत वडे तळायला घेतले आहेत. एका पाहुण्याने नाक वर करून विचारलं, कँटीन जवळच आहे का? मी अभिमानाने आणखी दाबलं. इंजिनचा आवाज बारीक झाला, एक किंकाळी आली, आणि करवत ओंडक्यात अर्ध्यावर बसली ती बसली. मी दोरी ओढली. दोरी जागची हलली नाही. पिस्टन धरला होता.

पाहुणे जेवायला गेले. त्यांना खरोखरच भूक लागली होती.

बाराला फोरमन फाटकातून आत आले. केस ओले, कपाळ चकचकीत. तिथेच थांबून त्यांनी एकदा श्वास आत घेतला, आणि मला कळलं की त्यांना सगळं कळलं. ते माझ्याकडे आलेच नाहीत. ओंडक्यापाशी गेले, पट्टी मोकळी केली, करवत दोन्ही हातांत उचलून खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर पडले ते संध्याकाळी. भिंतीवरच्या चारही रेघा त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकल्या.

सोमवारी मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझा लेखी अहवाल त्यांच्या समोर होता. तो फार सुंदर इंग्रजीत होता. त्यात इंजिन बंद पडल्याचं आढळून आलं होतं, तेलाबाबत काही गोंधळ झाल्याचं दिसून येत होतं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणीही माणूस नव्हता. साहेबांनी विचारलं, "तेल कोणी घातलं?"

मी तोंड उघडलं होतं. एवढं मी शपथेवर सांगू शकतो. त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मात्र मला आजही ठाऊक नाही. कारण फोरमन आधी बोलले, "दोन्ही डबे माझ्या ताब्यात, सार. चूक माझी."

साहेब करवतीसाठी दिल्लीशी वर्षभर भांडले होते. ते चिडलेले होते, आणि हातात आयता माणूस सापडला होता. त्यांनी तिथल्या तिथे शेरा सांगून उतरवून घेतला: निष्काळजीपणामुळे सरकारी यंत्राचं नुकसान. चौतीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकात, शेवटच्या महिन्यात. फोरमननी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यंत्र माझ्याकडेच दुरुस्तीस ठेवू ना, सार?" साहेब म्हणाले, ठेवा, आता त्याचं दुसरं काय होणार आहे.

मी बाहेर आलो तो भारावलेला. एका होतकरू तरुणाचं भवितव्य वाचावं म्हणून एका वृद्धाने आपली चौतीस वर्षं पणाला लावली! मला स्वतःबद्दल इतका आदर त्यापूर्वी कधी वाटला नव्हता. आगारात प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं. कोणी बोललं नाही, पण माझ्या टेबलावर येणारी कॉफी त्या आठवड्यात पाणचट झाली.

फोरमन कामाला लागले. दोन दिवस इंजिन रॉकेलमध्ये भिजत होतं. मग पिस्टन सुटला. त्याच्यावरचे ओरखडे त्यांनी बारीक पॉलिश पेपरने असे घासले की जणू तान्ह्या मुलाचं अंग पुसताहेत. परदेशी रिंग मिळायला परवाना लागला असता आणि वर्ष गेलं असतं. ते पुदुपेटच्या जुन्या सामानाच्या बाजारात तीन संध्याकाळी हिंडले, कुठल्या तरी भलत्याच इंजिनची रिंग घेऊन आले आणि कानशीने घासून ती बसवली. मग पुन्हा पहिली टाकी, अर्धा खटका, भिंतीवर पहिली रेघ.

मी इकडे झुरत होतो. अन्न गोड लागेना. शेवटी एका रविवारी ठरवलं, की साहेबांना सगळं सांगायचं. पण आधी फोरमनना जाऊन सांगावं, म्हणजे त्यांनाही बघायला मिळेल की त्यांनी ज्याच्यासाठी त्याग केला तो माणूस त्या योग्यतेचा आहे. गाडीत मी भाषण पाठ केलं. तिरुवल्लिकेणीला एका अरुंद गल्लीत त्यांचं घर होतं. ते झोपाळ्यावर बसून नव्या चपलांना तेल चोळत होते. मी उभ्यानेच म्हटलं, "मी उद्या सकाळी साहेबांकडे जाणार. तेल मी घातलं, हे सांगणार. मग माझं काय व्हायचं ते होवो."

मला वाटलं ते उठून मला मिठी मारतील.

त्यांनी चप्पल खाली ठेवली. "वेड लागले काय तुम्हांस?"

मी म्हटलं, "अहो, पण खरं..."

"खरे मज ठाऊक नाही काय? खरे नाकाने कळले. उद्या सांगाल तर साहेब काय करतील? चौकशी. चौकशी म्हणजे करवत पुरावा. तिला सुतळी बांधतील, लाखेचा ठसा मारतील, गोदामात टाकतील. दोन वर्षे! आत नवी रिंग, तीनच टाक्या झालेल्या, तेल सुकले की गंजून जाईल. सात टाक्या राहिल्या, सार! आणि माझे दिवस किती राहिले, मोजा!"

त्यांना रागावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. झोपाळा हलत होता. त्यांच्या मंडळी आतून कॉफी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही ते साहेबांपुढे... माझ्यासाठी नाही केलंत?"

"तुमच्यासाठी?" ते खरोखरच गोंधळले. त्यांनी मंडळींकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "काय म्हणून?"

मंडळी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मी कॉफी घेतली. तिने जीभ भाजली, पण पेला खाली ठेवायचं धैर्य झालं नाही.

मग फोरमन शांत झाले. चप्पल पुन्हा हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेरा बोचतो. नाही कसे म्हणू? बापाने सांगितले होते, पुस्तक कोरे ठेव. म्हणून म्हणतो, सांगा. अवश्य सांगा. पण शेवटच्या दिवशी. दहा टाक्या होऊ देत. त्या दिवशी साहेब निरोपास येतील, माझे कागद सही करून संध्याकाळी पुढे पाठवतील. त्याआधी सांगितले म्हणजे झाले. करवत तोवर चालती असेल. चालत्या यंत्राची कोणी चौकशी करत नाही. साहेब एक रेघ मारून शेरा खोडतील. तुम्हांस थोडे बोलतील. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय!" मी म्हणालो. "वचन देतो." परतताना गाडीत मला शांत झोप लागली. मी कबुली द्यायला गेलो होतो, हे पुण्य पदरात पडलं होतं. द्यावी लागली नव्हती, हे त्याहून बरं होतं.

पुढच्या सात टाक्या मी त्यांच्याजवळ बसून काढल्या. आठव्या टाकीला त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मी कानाला लावली. आधी नुसती खरखर ऐकू आली, मग त्या खरखरीच्या आत काहीतरी गुळगुळीत, एकसारखं फिरताना ऐकू आलं. मी म्हटलं, ओळख झाली वाटतं. ते इतके खूश झाले की त्यांनी मला 'तंबी' म्हटलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका पदवी घेताना झाला नव्हता.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनला मोठे साहेब आले. खोकी मांडून त्यांच्यावर चादरी घातल्या होत्या, केसरी शिरा होता, कॉफी होती, हार होता. पण फोरमननी आधी दहावी टाकी पुरी करायची परवानगी मागितली. माझा तो अर्धवट कापलेला जाड ओंडका मधोमध आणून ठेवला होता. त्यांनी धोतर खोचलं, करवत सुरू केली, थोडा वेळ अर्ध्यावर चालवली, बंद केली, तळहात टेकवला, साखळी निवू दिली, ताणली. पुन्हा सुरू केली. आणि मग महिनाभरात पहिल्यांदा खटका हळूहळू, हळूहळू दाबत पूर्ण खाली नेला.

मी त्या करवतीला चार मिनिटं पूर्ण खटक्यावर चालवलं होतं, पण तो आवाज असा नव्हता. हा भरदार होता, एका पट्टीतला, कुठेही चरा नसलेला. ओंडका दोन तुकडे होऊन पडला तेव्हा पडल्याचं दिसलं, ऐकू आलं नाही. फोरमननी बंद केली. ते म्हणाले, "बसले," आणि करवतकऱ्याच्या हातात ती देऊन भिंतीवर दहावी रेघ ओढायला गेले.

परत येताना ते माझ्याजवळून गेले. "आता, सार," एवढंच म्हणाले.

साहेब टेबलाशी बसले होते. समोर फोरमनचे कागद, कारकून शेजारी उभा. मी गेलो. अगदी ठरवून गेलो. साहेब मान वर करून म्हणाले, "ये, तुझंच नाव घेत होतो. तुला कायम करण्याची शिफारस आज सकाळीच पाठवली. यंत्र दुरुस्त करून घेतलंस, म्हाताऱ्याकडून चांगलं काम काढून घेतलंस."

मी म्हणालो, "थँक यू, सर."

ते म्हणाले, "आणखी काही?"

"नाही, सर."

त्यांनी सही केली. कारकुनाने फीत बांधली आणि कागद सायकलीच्या मागे लावले. मी तिथेच उभा होतो. सायकल फाटकाबाहेर जाईपर्यंत वेळ होता. पुष्कळ वेळ होता. कारकुनाला आधी घंटी नीट करायची होती.

हार गळ्यात घेऊन फोरमन फाटकाशी आले तेव्हा सगळे त्यांच्याभोवती होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "सांगितले?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हाताला पेट्रोलचा वास होता. "मज ठाऊक होते, तंबी," ते म्हणाले, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले. निवृत्त माणसाला त्याचं पुस्तक पुन्हा कोणी दाखवत नाही. ते आणखी नऊ वर्षं जगले, आणि मला दर पोंगलला त्यांचं कार्ड येई. प्रत्येक कार्डात शेवटी लिहिलेलं असे, की त्या दिवशी तुम्ही साहेबांपुढे गेलात ते मी विसरलो नाही.

मीही यथाकाल निवृत्त झालो. निरोपाच्या सभेत आमच्या साहेबांनी सांगितलं, की यांच्या सर्व्हिस बुकात पहिल्या दिवसापासून एकही वाईट शेरा नाही. भाषणात त्यांनी ते दोनदा सांगितलं. टाळ्या झाल्या, आणि दोन्ही वेळा मी उठून हात जोडले.